लूमच्या चालीवर शिकलेला बाजा

आमच्या ह्यांच्या बाजाला पहिली शिवी मी दिली, हे आधीच कबूल करते. लग्नाला चार महिनेही झाले नव्हते. निजामपुऱ्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याच्या वर आमची एक खोली, दहा बाय बाराची. त्यात मी, हे, सासरे, एक लोखंडी कपाट, मोरी आणि स्टोव्ह. एक दिवस मुंबईला तागे टाकून रिकामा परत येणाऱ्या टेम्पोतून हा माणसापेक्षा उंच बाजा दारात उतरला, कोऱ्या कापडात गुंडाळलेला. गल्लीतल्या बायकांना वाटलं, माझ्या माहेराहून कपाट आलं. मी म्हटलं, "कपाट असतं तर साड्या तरी ठेवल्या असत्या. हे धूड मी कुठं ठेवू, डोक्यावर?"

हे नुसते हसले. माझ्या तोंडाची त्यांना तोवर सवय झाली होती.

त्या धुडाला डबल बेस म्हणतात. व्हायोलिनचा थोरला काका समजा. उभं राहून वाजवायचा, चार जाड तारा, आणि जॅझमध्ये वाजवायचा बहुतेक बोटांनीच. हे मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात जॅझ वाजवणाऱ्या बँडमध्ये होते. लग्न ठरवताना मला हे कुणी सांगितलं नव्हतं. स्थळ घेऊन आलेल्या मावशीने "मुलगा हॉटेलात आहे" एवढंच सांगितलं, आणि माझ्या वडिलांनी मनाशी मॅनेजर धरला. मावशी खोटं एक अक्षर बोलली नाही, हे मात्र खरं.

हे मुळात जयंतीच्या मिरवणुकीत ढोल वाजवणारे. सासऱ्यांनी लूमवर लावलं, तर दोन वर्षांत पळाले आणि त्या हॉटेलात खुर्च्या मांडायच्या कामाला लागले. बँडमध्ये गोव्याकडचे एक म्हातारे बेसवाले होते. त्यांची बोटं आखडत चालली होती. दुपारी हॉल रिकामा असला की ते ह्यांना शिकवायचे. का शिकवलं, ते त्यांनाच ठाऊक. तीन वर्षं शिकवलं, मग ते गावी गेले आणि त्यांच्या जागेवर हे उभे राहिले. हॉटेलचा बाजा हॉटेलातच असायचा. सरावासाठी म्हणून म्हाताऱ्यांनी आपला घरचा जुना, पाठीला चीर गेलेला बाजा ह्यांना देऊन टाकला. तोच हा, आमच्या नशिबी आलेला.

आमचा जिना इतका अरुंद, की मी कळशी घेऊन चढले तरी कोपर भिंतीला घासायचं. बाजा त्यातून जाणं शक्यच नव्हतं. शेवटी सुताची पोती वर घ्यायच्या कप्पीने तो खिडकीतून घ्यायचा ठरलं. हमाल दोर बांधायला लागले तेवढ्यात सासरे ड्युटीवरून आले.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. मामा जॉबर होते, म्हणजे लूम बिघडला की तो नीट लावून देणारे. तीस वर्षं लूममध्ये उभं राहून त्यांचे कान गेले होते. थोडेबहुत नाही, पार गेले होते. मुलाने लूम सोडला हा राग पोटात होताच, त्यात हे धूड. "मुका बाजा आनला ह्यानं!" असं ते अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, कारण आपला आवाज केवढा आहे ते त्यांना कळायचं नाही. पण हमालांच्या गाठी बघून त्यांना राहवेना. "सोडा रं, पाडाल त्याला!" म्हणत त्यांनी सगळा दोर सोडून पुन्हा स्वतः बांधला. बाजाच्या मानेला दोर काचू नये म्हणून खांद्यावरचा पंचा काढून मध्ये घातला. बाजा वर गेला आणि पंचा पार मळला. तो मीच धुतला, आणि धुताना मला वाटलं, म्हातारा दाखवतो तेवढा कडू नाही.

मामांशी बोलायचं कसं, हे मला इथं येऊनच शिकावं लागलं. लूम चालू असताना ओरडून काही उपयोग नसतो. म्हणून निजामपुऱ्यात माणसं आवाज न काढता, तोंड मोठं करून बोलतात आणि समोरचा ओठ बघून समजून घेतो. कारखान्याच्या या टोकाहून त्या टोकाला चहा सांगतात, भांडतात, एकमेकांच्या मुलींसाठी स्थळंसुद्धा सुचवतात. मी दिघाशीची, आमच्याकडे पाखरू ओरडलं तरी कळतं. मला हे सगळं नवीन. पण सहा महिन्यांत मी अशी तरबेज झाले, की शाळेत मागच्या बाकावर कोण काय कुजबुजलं ते मी फळ्यापाशी उभी राहून सांगायचे. माझी सकाळची शाळा, प्राथमिकची. मुलं मला चेटकीण समजायची, आणि मी त्यांना तसं समजू दिलं.

साडेबाराला मी घरी यायचे. मग जेवणं, आणि एक ते दोन ह्यांचा सराव. तीन वाजता हे मुंबईला जायला निघायचे. सरावाला तीच वेळ का, तर त्या तासाभरात आसपासचे कारखाने एकेक करून जेवणाला थांबायचे, तेवढाच गलका कमी. आमच्या खालचे लूम मात्र चालूच, कारण तिथला शेठ कारागिरांना आळीपाळीने जेवायला सोडायचा. त्या लूमचा ठोका जमिनीतून वर यायचा, खटाक-खट, खटाक-खट, आणि हे त्या ठोक्यावर तार छेडायचे.

"फुकटचं घड्याळ आहे," असं हे म्हणायचे. "मुंबईतले लोक ठोका द्यायचं यंत्र विकत आणतात. आपल्याला शेठ देतो."

बेसवाल्याचं काम मला समजलं तेवढं सांगते. बँडमधले बाकीचे हुंदडतात, मध्येच थांबतात, कुठून कुठे जाऊन येतात. बेसवाला मात्र चालत राहतो, एका चालीत, एक पाऊल मागे नाही की पुढे नाही. तो आहे म्हणून बाकीच्यांना हुंदडता येतं. त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि तो चुकला तर मात्र सगळ्यांचं चुकतं. हे मला ह्यांनी पोळी खाता खाता समजावलं होतं. मी म्हटलं, "म्हणजे घरातल्या बाईसारखं." तर म्हणाले, "अगदी तसंच."

तर हे सगळं बरं चाललं होतं. मग लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी, एप्रिलच्या शेवटाला, हे दोन दिवस गप्प झाले. आमच्याकडे गप्प राहायचं काम मामांचं; हे तर झोपेतही काहीतरी गुणगुणणारे. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा तसाच ठेवून भिंतीकडे बघत बसले, तेव्हा मी कपबशी उचलली आणि म्हटलं, "आता सांगता, का हा चहा तुमच्या डोक्यावर ओतू?"

तेव्हा बोलले. बँडचे मुख्य पियानोवाले होते. वयस्कर, फार सौम्य माणूस, कधी कुणाला लागेल असं न बोलणारे. त्यांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की तू पळतोस. गाणं ज्या चालीत सुरू होतं त्या चालीत संपत नाही, हळूहळू वेग चढत जातो आणि सगळ्यांना तुझ्यामागे धावावं लागतं. मागच्या वर्षीही सांगितलं होतं, सुधारलं नाही. आता मे महिनाभर वाट बघतो, नाहीतर मला दुसरा माणूस उभा करावा लागेल.

"जाईल ती जागा," हे म्हणाले. "आणि जागा गेली तर परत तिथंच खुर्च्या मांडायच्या. ते मला जमणार नाही. लूमवरही जाणार नाही. मग मी काय राहिलो, सांग?"

मला त्यांचा कळवळा आला, पण माझ्या कळवळ्याची रीत अशी की तोंडातून आधी रागच निघतो. म्हटलं, "ते म्हातारे चाळीस वर्षं वाजवतात. ते म्हणतात पळता, म्हणजे पळत असाल. आमची मुलं पाढे म्हणताना पळतातच की. बे एके बे शहाण्यासारखं म्हणतात, आणि बे नव्वे अठरापर्यंत नुसती घोडदौड."

"अगं, मी काय मुलगा आहे? मी रोज तासभर मशीनशी ताळा करतो! माणूस चुकेल, मशीन कशी चुकेल? पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत मी लूमबरोबर असतो, तसूभर हलत नाही. चुकतात ते लोक चुकत असतील."

त्यांचं म्हणणं मलाही पटलं, खोटं कशाला सांगू? लोखंडाचं यंत्र ते, त्याला काय घाई? आणि तरी त्या सौम्य म्हाताऱ्याला खोटं बोलायचं काय कारण? दिवसभर ते माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मामा जेवायला वर आले तेव्हा मी त्यांच्यासमोर बसले आणि ओठांनी सगळं सांगितलं. ह्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते, कारण बापलेक ह्या बाजाबद्दल आजवर एक शब्द बोलले नव्हते. मला तर धास्ती होती, की मामा म्हणतील, बरं झालं, सुटला.

मामांनी घास खाली ठेवला. "कशाशी ताळा करतो?"

"लूमशी," मी ओठांनी म्हटलं.

तर मामा हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, पाणी दिलं, तरी हसतायत. मला असा राग आला, की इथं माझ्या नवऱ्याची जागा जातेय आणि ह्यांना हसू येतंय! मग त्यांनी माझा चेहरा बघितला आणि एकदम थांबले. "कोनी सांगितलं ग त्याला," ते म्हणाले, "लूम एका चालीत चालतो म्हनून?"

तेवढ्यात हे बाहेरून येऊन सरावाला उभे राहिले. मामा हात धुऊन उठले, मोरीपाशी पडलेलं स्टूल घेतलं, बाजाच्या मागे जाऊन बसले आणि त्याच्या चीर गेलेल्या पाठीवर आपला तळवा टेकवला. लूम नीट चालतोय का हे ते असंच बघायचे. कान नव्हते, मग लोखंडी सांगाड्यावर हात ठेवून कुठं काय सैल झालंय ते सांगायचे. हे गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "वाजवा."

खालून खटाक-खट चालू होतंच. हे वाजवायला लागले. मामा डोळे मिटून बसले, दुसऱ्या हाताचं बोट आपल्याच मांडीवर आपटत. सव्वा वाजता गल्लीतला एक कारखाना जेवायला थांबला. थोड्या वेळाने पलीकडचा, मग कोपऱ्यावरचा मोठा. पावणेदोनला मामांनी डोळे उघडले.

"पळालं," ते म्हणाले.

"मी लूमबरोबरच आहे, बा!" हे ओठांनी म्हणाले, पण चांगलेच चिडून.

"तू न्हाय पळाला. लूम पळाला, तू त्याच्या मागं गेला." मग त्यांनी समजावलं, आणि ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. सगळे कारखाने चालू असतात तेव्हा लाइनीवर भार असतो, वोल्टेज पडलेलं असतं, लूम रेंगाळतो. जेवणाला एकेक कारखाना बंद होत जातो तसं वोल्टेज चढत जातं, आणि जो लूम चालू आहे तो पळायला लागतो. एकदम नाही, हळूहळू. एक ते दोन. हे रोज नेमके त्याच तासाला वाजवत होते. रोज संथ सुरुवात करून, कळणारही नाही अशा बेताने वेग वाढवायचा सराव करत होते, आणि घड्याळ बरोबर आहे म्हणून खूश होते.

असली चूक निजामपुऱ्यातलाच माणूस करणार. दुसऱ्या कुणाला जमायची नाही.

हे बाजाला टेकून उभे राहिले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "जन्मल्यापासून हाच ठोका ऐकतोय मी," एवढंच म्हणाले.

तेव्हा हॉटेलचा हॉल रंगवायला काढला होता आणि बँडला आठ दिवस सुट्टी होती. माझी शाळाही बंद. मी ठरवून टाकलं, की दिघाशीला जायचं, माझ्या माहेरी. तिथं लूम नाही, मोटर नाही. पुन्हा तोच टेम्पो, पुन्हा मामांच्या गाठी, आणि ह्या वेळी मामाही बरोबर. माझ्या आईने जावयासाठी पडवीतली खाट झाडून ठेवली होती. त्या खाटेवर बाजा झोपला आणि जावई खाली सतरंजीवर. आई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "बाय, ह्याचं डोकं बरं हाय ना?"

पहिल्या सकाळी हे पडवीत उभे राहिले. सगळीकडे शांत. दूर कुणीतरी लाकडं फोडत होतं, तेवढंच. ह्यांनी सुरुवात केली आणि चारपाच ठोक्यांत थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. चालच सापडेना. पायाखालून काही येत नव्हतं, आणि पाय कुठं टाकावा ते बोटांना कळत नव्हतं. अर्धा तास असं चाललं. मग बाजा हळूच आडवा ठेवून खाली बसले.

"मला काहीच येत नाही ग," हे म्हणाले. "इतकी वर्षं मला वाटलं मी बेस वाजवतो. मला नुसता लूम येत होता."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले, आई बघत होती तरी.

मामा आंब्याखाली बसून हे सगळं बघत होते. ते उठले, स्टूल घेऊन आले, ह्यांच्यासमोर बसले. "मला कवापासून ऐकू येत न्हाय?" त्यांनी विचारलं. ह्यांनी हाताची दहा बोटं दाखवली, दहा वर्षं. "तरी मी लूम लावतो का न्हाय? कशावर लावतो? हात ठेवतो आन मोजतो. माझं मोजनं वोल्टेजवर चालत न्हाय. उभा ऱ्हा."

त्यांनी एक तळवा बाजाच्या पाठीवर ठेवला आणि दुसरा हात ह्यांच्या गुडघ्यावर. आणि बोटाने ठोका द्यायला लागले. संथ, एकसारखा. हे त्यावर चालायला लागले. सकाळी दोन तास, उन्हं कलल्यावर दोन तास. मामांना त्यातलं गाणं कळत नव्हतं, सूर कळत नव्हता; एक ठोका कळत होता. चार दिवसांत ह्यांच्या बोटांत जीव आला. मला वाटलं, झालं, सुटलो.

पाचव्या दिवशी मामांनी लबाडी सुरू केली. मध्येच बोट जलद चालवायचे. हे त्यामागे गेले की गुडघ्यावर चापट, "चुकलास!" मग मुद्दाम रेंगाळायचे. हे रेंगाळले की पुन्हा, "चुकलास!" बहिऱ्या माणसाचा आवाज तो, अख्ख्या पाड्याला ऐकू जायचा. शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन विचारून गेली, की जावयाच्या हातून एवढं काय चुकलंय?

"बा, तुझाच हात हलतोय!" हे वैतागून म्हणाले.

"हलूदे. हात माझा हाय, चाल तुझी हाय," मामा म्हणाले. "उद्या दुसरं कोनी हलंल. लूम हलंल, मानूस हलंल. माझा हात सुटला तरी तू सुटायचं न्हाय. माझ्या मागं पन यायचं न्हाय. समजलं?"

आठव्या दिवशी मामांचं बोट पळालं, अडखळलं, मध्येच थांबून त्यांनी दाढी खाजवली, आणि हे आपले चालत राहिले, बाजारातून पिशवी घेऊन घरी येणाऱ्या माणसासारखे. मामांनी गुडघ्यावरचा हात काढून घेतला. दुसरा हात मात्र बाजाच्या पाठीवर तसाच ठेवला. "मुका न्हाय हा," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले. मी चुलीपुढून बघत होते. डोळ्यांत धूर गेला असं आईला सांगितलं, पण धूर कसला, मी रडत होते.

मे संपायला आला तेव्हा एका रविवारी दुपारी हॉटेलात चहाच्या वेळचा कार्यक्रम होता. पियानोवाले त्याच दिवशी ठरवणार होते. मी मामांना म्हटलं, चला. मामांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला, पायात माझ्या भावाचे बूट घातले, जे त्यांना चावत होते. आम्हाला मागचं टेबल मिळालं. बँड वाजायला लागला. मामांनी टेबलावर तळवा ठेवला, मग खुर्चीच्या दांड्यावर, मग वाकून जमिनीवर. सगळीकडे जाड गालिचा. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. काही येत नव्हतं त्यांना. एवढी मेहनत घेतलेला माणूस, आणि त्या हॉलमध्ये त्याच्या हाताला काही लागू नये! मला इतकं वाईट वाटलं, की त्या गालिच्यावरच मी चिडले.

मला ऐकू येत होतं, पण बरंवाईट ठरवण्याइतकं ज्ञान कुठलं? मी पियानोवाल्यांच्या तोंडाकडे बघत बसले. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर ते ह्यांच्याकडे वळून बघायला लागले. तिसऱ्या गाण्यात ड्रमवाला जोरात आला, थोडा पुढे गेला, आणि हे हलले नाहीत. तेव्हा पियानोवाले ड्रमवाल्याकडे वाकले आणि काहीतरी बोलले. त्या आवाजात शेजारी उभ्या माणसालाही ऐकू गेलं नसतं. पण आम्ही निजामपुऱ्याचे.

"आज इसके पीछे चलो," ते म्हणाले होते.

मी मामांकडे वळले आणि मामा माझ्याकडे वळले. दोघांनी एकाच वेळी वाचलं होतं. मामांनी माझा हात धरला आणि टेबलाखाली असा दाबला, की बांगडी पिचली.

जागा राहिली. पुढे दहाएक वर्षं हे तिथं वाजवत राहिले. नव्वदच्या दशकात हॉटेलांनी एकेक करून बँड बंद केले. एक मुलगा कीबोर्ड घेऊन यायचा आणि त्यातल्या बटणातच बेस असायचा. हे मग स्टुडिओत बोलावलं की जायचे, कुणाला शिकवायचे, रविवारी कुठं क्लबात वाजवायचे. तक्रार केली नाही. आम्ही काल्हेरला फ्लॅट घेतला, गोदामांच्या मागे, पण मामांना तिथं झोप लागेना. जमीन हलत नाही म्हणायचे! बहिऱ्या माणसाची ही तऱ्हा. चार महिन्यांत आम्ही त्यांच्यासाठी निजामपुऱ्याच्या खोलीत परत आलो, आणि बाजा पुन्हा खिडकीतून वर गेला. गाठी ह्या वेळीही त्यांनीच मारल्या, पण हात कापत होते. ह्यांनी मागून येऊन त्या पुन्हा आवळल्या, त्यांना दिसणार नाही अशा बेताने.

त्याच पावसाळ्यात मामांची छाती भरली. सुताची धूळ जन्मभर आत गेलेली. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, त्यावरून समजायचं ते आम्ही समजलो. मामा दिवसदिवस बोलायचे नाहीत. बोलले तर नुसते ओठ हलायचे, आवाज नसायचा. पण आमच्या घरात आवाज लागतो कुणाला?

एक शुक्रवार होता. नमाजाच्या वेळी निजामपुऱ्यातले लूम थांबतात, त्या वेळी खालचेही थांबले. जमीन स्तब्ध झाली तसे मामांनी डोळे उघडले आणि बाजाकडे बोट केलं. ह्यांनी बाजा खाटेला लावून उभा केला, मामांचा तळवा उचलून त्याच्या पाठीवर ठेवला, अगदी त्या चिरेच्या बाजूला. मामांनी दुसरा हात ह्यांच्या गुडघ्यावर टाकला. बोटाने ठोका दिला, आणि हे वाजवायला लागले.

थोडा वेळ छान चाललं. मग मामांचं बोट मागे पडायला लागलं. एक ठोका उशिरा, मग त्याहून उशिरा. मी ह्यांच्या बोटांकडे बघत होते. दिघाशीच्या त्या आठ दिवसांनंतर ह्या माणसाला कुणी हलवू शकलं नव्हतं. ड्रमवाल्याने नाही, नाचणाऱ्यांनी नाही, लूमने नाही.

आणि हे मागे पडायला लागले. बोट जितकं संथ झालं तितके हे संथ झाले. बोट थांबलं की तार थांबायची, वाट बघायची, बोट पुन्हा उठलं की मगच वाजायची. हे खाली मान घालून वाजवत होते आणि बाजाच्या लाकडावर पाणी टपकत होतं.

मामांनी मान वळवली. ह्यांच्याकडे बघितलं, आणि त्यांचे ओठ हलले. मी खाटेच्या पायथ्याशी होते, मला स्पष्ट दिसलं.

"चुकलास," ते म्हणाले.

ह्यांनी वाजवणं थांबवलं नाही. मान वर करून, तोंड मोठं करून, मामांना नीट कळेल असं म्हणाले, "हो बा. चुकलो."

मामांनी हात गुडघ्यावरच ठेवला.